दारापासून नाक्यापर्यंत

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांच्या निवडणुका झाल्या. मुंबई आणि पुण्याच्या सभागृहांची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. त्यामुळे जवळपास चार वर्षं या शहरांत प्रशासकांचाच कारभार होता. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींनाही मोठ्या खंडानंतर निवडून आलेले सदस्य मिळाले आहेत. अशा वेळी शहराच्या भवितव्याची चर्चा मेट्रो, उड्डाणपूल आणि बोगदे यांच्याभोवती फिरत राहते. यातले बहुतेक प्रकल्प एमएमआरडीए, रस्ते विकास महामंडळ किंवा महामेट्रोसारख्या संस्था राबवतात. पालिकेच्या हातात पूर्णपणे असतात त्या गोष्टी आकाराने लहान आहेत: घराच्या दारापासून नाक्यापर्यंतचा रस्ता, त्याच्या कडेचा फुटपाथ, गटाराची झाकणं, दिवे, बाकडी, कोपऱ्यावरचं मैदान, मंडई, स्वच्छतागृह.

राज्यघटनेची ७४वी दुरुस्ती १ जून १९९३ रोजी लागू झाली. तिच्या बाराव्या अनुसूचीत नागरी स्वराज्य संस्थांकडे सोपवता येतील असे १८ विषय दिले आहेत. त्यात रस्ते आणि पूल आहेत, उद्यानं आणि मैदानं आहेत, पथदिवे, वाहनतळ, बसथांबे आणि सार्वजनिक स्वच्छतागृहंही आहेत. गल्लीतला रस्ता नीट करण्यासाठी पालिकेला मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. अडचण आहे ती कामाच्या पद्धतीत.

शहरातला कुठलाही मध्यम रुंदीचा रस्ता घ्या. फुटपाथ सुरू होतो आणि वीस-पंचवीस पावलांत पहिल्या सोसायटीच्या फाटकापाशी संपतो, कारण गाड्या आत-बाहेर जाव्यात म्हणून तो तिथे रस्त्याच्या पातळीला उतरवलेला असतो. पुढे पुन्हा चढायचं. मग विजेचा डीपी येतो, मग बुंध्यापर्यंत सिमेंटात गाडलेलं झाड, मग दोन इंच वर आलेलं चेंबरचं झाकण, मग निखळलेले पेव्हर ब्लॉक. वयस्कर माणूस एकदा चढतो-उतरतो, दुसऱ्यांदा चढतो-उतरतो आणि तिसऱ्यांदा रस्त्यावरूनच चालू लागतो. बाबागाडी ढकलणारी आई तर सुरुवातीपासूनच रस्त्यावर असते. व्हीलचेअरवरचा माणूस घराबाहेर पडतच नाही.

हे सगळं टाळण्याचं तंत्र कागदावर केव्हाच तयार आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की फुटपाथवर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदीची, कसलाही अडथळा नसलेली पट्टी हवी आणि फुटपाथची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडून जाऊ शकतील, असा या रुंदीमागचा हिशोब आहे. झाडं, दिव्याचे खांब, बाकडी, डीपी हे सगळं चालण्याच्या पट्टीबाहेर, रस्त्याच्या बाजूच्या वेगळ्या पट्टीत जायला हवं. फाटकापाशी फुटपाथ खाली उतरायला नको, गाडीने त्यावर चढून जायला हवं. चालणारा सरळ एका पातळीवर चालत राहील आणि गाडी चढताना वेग आपोआप कमी होईल. एवढा एक बदल प्रत्येक नव्या कामाच्या निविदेत सक्तीचा केला, तरी पाच-सात वर्षांत निम्म्या शहराचे फुटपाथ चालण्याजोगे होतील.

हा प्रश्न फक्त सोयीचा नाही, जिवाचा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यात ३२,८२५ पादचारी होते. दर पाच मृतांमध्ये जवळपास एक पायी चालणारा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विनाअडथळा फुटपाथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये भरपाई देण्याचा आणि ती रक्कम जबाबदार अधिकारी व ठेकेदारांकडून वसूल करण्याचा आदेश दिला. न्यायालयांना इथवर यावं लागलं, हे राज्यातल्या पालिकांनी मनाला लावून घ्यायला हवं.

पुण्याने या बाबतीत लवकर पाऊल टाकलं. २०१६ मध्ये पुणे महापालिकेने पादचारी धोरण मंजूर केलं आणि रस्त्यांच्या आखणीसाठी स्वतःच्या मार्गदर्शक सूचनाही स्वीकारल्या. त्यातून जंगली महाराज रस्त्याचं रूप बदललं. फुटपाथ रुंद झाला, झाडांभोवती बसायला जागा झाली, मुलांना खेळायला कोपरे मिळाले. औंधच्या डीपी रस्त्यावर तर पक्कं काम करण्याआधी तात्पुरत्या साहित्याने आखणी करून पाहिली गेली. फुटपाथ रुंद केल्यावर वाहतूक खोळंबते का, दुकानदारांचं काय होतं, हे लोकांना डोळ्यांनी पाहता आलं. ही पद्धत फार मोलाची आहे. न्यूयॉर्कने २००९ मध्ये टाइम्स स्क्वेअरजवळचा ब्रॉडवेचा भाग वाहनांना बंद केला, तेव्हा तिथे आधी स्वस्तातल्या घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पक्कं बांधकाम नंतर आलं. चुकलं तर दोन दिवसांत उचलता येतं आणि जमलं तर विरोध करणाऱ्यांची भीती जाते.

तरीही पुण्याचा अनुभव पुरता समाधानाचा नाही. रुंद केलेल्या फुटपाथांवर दुचाकी चढू लागल्या, गर्दीच्या वेळी चालणाऱ्यांना हॉर्न ऐकावे लागले. मग फुटपाथच्या तोंडाशी खांब आले आणि त्या खांबांमधून व्हीलचेअर जाईना. २०१८ मध्ये महापालिकेने वाहनतळ धोरण मंजूर केलं, पण रस्त्यावर गाडी उभी करण्यासाठी पैसे मोजायला लावण्याचा निर्णय राजकीय विरोधात अडकला. इथेच खरी मेख आहे. रस्त्याच्या कडेची जागा फुकट गाड्यांना द्यायची आणि वर फुटपाथही रुंद करायचा, हे अरुंद पेठांमध्ये होणार नाही. एका चारचाकीला उभं राहायला साधारण दहा-बारा चौरस मीटर लागतात. तेवढ्या जागेत दोन बाकडी, एक झाड आणि माणसांना चालायला वाट बसते. ही जागा कुणाला द्यायची, हे ठरवायला सभागृहात हिंमत लागते.

दुसरी त्रुटी अशी की धोरण मोजक्या रस्त्यांवरच थांबलं. जंगली महाराज रस्ता, फर्ग्युसन रस्ता, औंध ही शहराची दर्शनी बाजू. कात्रज, धायरी, येरवड्याच्या गल्ल्यांत तेच धोरण लागू असूनही दिसत नाही. केंद्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुरू केलेल्या ‘स्ट्रीट्स फॉर पीपल’ स्पर्धेत देशातली ११ शहरं विजेती ठरली, त्यात पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर ही आपली चार होती. यश खरंच आहे. मात्र स्पर्धेतला रस्ता आणि त्याला लागून असलेली गल्ली यांत जे अंतर राहतं, ते मिटवणं हे पुढचं काम आहे, आणि ते स्पर्धा जिंकण्याहून जास्त चिकाटीचं आहे.

गल्ल्यांचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे खोदाई. डांबरीकरण होतं आणि महिनाभरात पाणीपुरवठा खात्याला वाहिनी टाकायची आठवण होते. ती बुजवली की गॅसवाले येतात, मग फायबर केबल, मग मलनिस्सारण. प्रत्येक वेळी खोदलेला चर घाईने बुजवला जातो, पहिल्या पावसात माती बसते आणि रस्त्यावर लांबलचक घळ तयार होते. बंगळुरूने ‘टेंडरश्युअर’ नावाच्या पद्धतीत यावर उपाय शोधला. रेसिडेन्सी रोड, कनिंगहॅम रोड अशा मध्यवर्ती रस्त्यांवर वीज, केबल आणि पाण्याच्या वाहिन्यांची फुटपाथखाली नीट व्यवस्था केली, जागोजागी चेंबर ठेवले, म्हणजे दुरुस्तीसाठी डांबर फोडायची गरजच राहू नये. खर्च भरपूर झाला, म्हणून टीकाही झाली. प्रत्येक गल्लीत एवढा खर्च शक्य नाही, हे खरं. पण त्यातलं मूळ सूत्र बिनपैशाचं आहे: आधी जमिनीखालचं काम, मग वरचं. यासाठी पाणी, मलनिस्सारण, विद्युत आणि पथ विभागाच्या अभियंत्यांनी वर्षाच्या सुरुवातीला एका टेबलाभोवती बसून रस्तानिहाय वेळापत्रक ठरवायचं आणि ते वेळापत्रक वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लावायचं. दोषदायित्वाच्या काळात रस्ता खराब झाला तर तो ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. रस्त्यावर त्या मुदतीची तारीख लिहिलेली पाटी असली तर रहिवासीही ते मागू शकतील.

वेळापत्रक नसेल तर काय होतं, ते नाशिककरांनी सोसलं आहे. त्र्यंबक नाका ते अशोकस्तंभ हा जेमतेम १.१ किलोमीटरचा ‘स्मार्ट रोड’. काम २०१८ मध्ये सुरू झालं आणि मुदतीमागून मुदत उलटत राहिली. मध्यवर्ती भागातले दुकानदार, शाळकरी मुलं, पायी जाणारे सगळे खड्डे आणि पत्र्यांतून वाट काढत राहिले.

वेगाचंही असंच. गल्लीतली मुलं सुरक्षित राहावीत म्हणून लोक गतिरोधक मागतात आणि नगरसेवक रातोरात डांबराचा उंचवटा घालून देतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच, हळूहळू चढणारा-उतरणारा हवा. आपल्याकडे सर्रास घातले जातात ते हातभर रुंदीचे टोकदार उंचवटे. ते गर्भवतीला, मणक्याच्या रुग्णाला आणि दुचाकीवर मागे बसलेल्या माणसाला शिक्षा करतात. त्यापेक्षा शाळेसमोरचं क्रॉसिंगच फुटपाथच्या पातळीला उचलावं; गाडी चढून जाते, मुलं सपाट चालतात. चौकाचे कोपरे आत ओढले, म्हणजे वळणाची त्रिज्या कमी केली, तर गाडीला वेगात वळताच येत नाही आणि रस्ता ओलांडायचं अंतरही घटतं. वांद्र्याच्या एचपी जंक्शनवर अशीच आखणी आधी शंकू ठेवून तपासली होती.

फुटपाथ म्हटलं की फेरीवाल्यांचा विषय येतोच, आणि तिथे बहुतेक चर्चा थांबते. खरं तर संध्याकाळी भाजीवाली बसते तो रस्ता बायकांना जास्त सुरक्षित वाटतो; दिव्याइतकीच माणसांची वर्दळ रस्ता राखते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने यासाठी पूर्ण चौकट दिली आहे. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण, लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेणं, नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींना आणि त्यातल्या एक तृतीयांश महिलांना. मुंबईत या समितीसाठी मतदान व्हायला कायद्यानंतर दहा वर्षं लागली, ते २०२४ मध्ये झालं. सर्वेक्षण नाही, म्हणून जागा ठरलेल्या नाहीत. जागा नाहीत, म्हणून अतिक्रमणविरोधी गाडी. गाडी गेली की पथारी परत त्याच ठिकाणी. भुवनेश्वरने हा कायदा येण्याआधीच ठरावीक पट्टे आखून, एकसारखे छोटे ठेले उभे करून विक्रेत्यांना जागा दिल्या. चालणाऱ्याची १.८ मीटरची वाट राखून पथारीला जागा आखता येते. मोजपट्टी आणि रंग घेऊन एका संध्याकाळी होणारं हे काम आहे, मात्र त्याआधी समिती जिवंत असावी लागते.

आता मोकळ्या जागा. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाटीवाटीच्या मुंबईला हवा-उजेड देण्यासाठी त्याने दादर-माटुंग्याची योजना आखली. सरळ रस्ते, कमी उंचीच्या इमारती, झाडं आणि मधोमध मैदान. शिवाजी पार्क त्याच विचारातून आलं. त्याच्याभोवतीचा बुटका कट्टा म्हणजे रस्ता आणि मैदान यांच्यातली हद्द, आणि तीच बसायची जागा. तिकीट नाही, कुलूप नाही. पहाटे ज्येष्ठ, दुपारी थकलेले डिलिव्हरीवाले, संध्याकाळी प्रेमिक आणि क्रिकेट बघणारे. आज पालिका नवं उद्यान बांधते तेव्हा आधी उंच जाळी, मग कुलूप, मग दुपारी बारा ते चार बंदची पाटी लावते. ज्या वेळी घरकाम उरकलेल्या बायकांना आणि उन्हात फिरणाऱ्या कामगारांना सावली हवी, नेमकी त्याच वेळी बाग बंद असते. उद्यानांच्या वेळा बदलायला एक रुपयाही लागत नाही.

मैदानं दत्तक देण्याचा मुंबईचा प्रयोगही शिकण्यासारखा आहे. खासगी संस्थांकडे देखभालीला दिलेल्या काही जागांवर क्लब उभे राहिले आणि सामान्य माणूस फाटकाबाहेर राहिला. २०१६ मध्ये अशा दोनशेहून अधिक जागा परत घेण्याचा निर्णय झाला. याच शहरात उलट उदाहरणही आहे. माटुंग्यात डॉ. आंबेडकर रस्त्यावरच्या उड्डाणपुलाखालची जागा बेवारस होती. रहिवाशांनी आधी स्वखर्चाने पहारा ठेवला, मग महापालिकेमागे लागून तिथे चालण्याचा मार्ग असलेली बाग करून घेतली. २०१६ मध्ये ती खुली झाली. दोन्हींतला फरक इतकाच की माटुंग्यात जागेचा ताबा सार्वजनिकच राहिला.

मोकळी जागा सगळ्यांची आहे असं म्हणून चालत नाही, ती कोण वापरतं हे पाहावं लागतं. व्हिएन्नाने नव्वदच्या दशकात पाहणी केली तेव्हा कळलं की वयाच्या नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागांत येईनाशा होतात, मुलगे मात्र येतच राहतात. मोठं मैदान एका खेळाने व्यापून टाकलं जात होतं. त्यांनी जागा लहान भागांत विभागली, वाटा आणि बसायच्या जागा वाढवल्या, आणि मुली परतल्या. आपल्याकडे हा प्रश्न आणखी मूलभूत आहे: स्वच्छतागृह. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ चळवळीच्या कार्यकर्त्या महिलांसाठी स्वच्छ, सुरक्षित आणि मोफत मुतारी मागत आहेत. भाजी मंडई, रिक्षा थांबा, बसस्थानक या ठिकाणी दिवसभर उभ्या असणाऱ्या बाईला पाणी कमी पिऊन दिवस काढावा लागतो. बाग सुंदर करण्याआधी हे व्हायला हवं. याला दुय्यम मानणाऱ्या पालिकेने सुशोभीकरणाचा शब्दही काढू नये.

लहान गावं या बाबतीत मागे आहेत असं समजण्याचं कारण नाही. वेंगुर्ला नगरपरिषदेने कचऱ्याचं काटेकोर वर्गीकरण सुरू केलं, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात वापरलं आणि दुर्गंधीच्या कचरा डेपोचं लोक बघायला येतील असं ठिकाण केलं. लाखभरही वस्ती नसलेल्या गावाला हे जमलं, कारण मुख्याधिकारी, सफाई कामगार आणि रहिवासी रोज तेच काम करत राहिले. पुण्यात २००८ पासून ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या कचरावेचक महिला दारोदार जाऊन कचरा गोळा करतात; ज्या गल्लीत हे नीट चालतं तिथला कोपऱ्यावरचा उकिरडा नाहीसा होतो. गल्ली सुधारण्याचं इतकं स्वस्त साधन दुसरं नाही.

पैसा कुठून, हा प्रश्न खरा आहे. पण पैशाची वाटणीही तितकीच खरी. चेन्नईने २०१४ मध्ये ठरवलं की वाहतुकीच्या तरतुदीतला किमान ६० टक्के निधी चालणाऱ्यांच्या आणि सायकलस्वारांच्या सोयींसाठी ठेवायचा. त्यातून शहरभर फुटपाथ नव्याने झाले आणि २०१९ मध्ये पाँडी बाजारचा रस्ता चालणाऱ्यांसाठी मोकळा करून दिला गेला. महाराष्ट्रातल्या एखाद्या महापालिकेने असा ठराव केला तर तिच्या अंदाजपत्रकाचा नकाशाच बदलेल. पुण्यात नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या ‘स’ यादीतून प्रभागात कामं होतात. त्यातून फलक, कमानी आणि चांगले असलेले पेव्हर ब्लॉक उखडून पुन्हा बसवणं एवढंच होऊ नये, यासाठी प्रभागाचा पाच वर्षांचा आराखडा आधी तयार असावा आणि यादी त्याला बांधलेली असावी.

लोकांचं म्हणणं ऐकायच्या वाटाही कायद्यात आहेत. तीन लाखांहून मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आहेत, त्यांवर स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी नेमता येतात. क्षेत्रसभांची तरतूद राज्याने २००९ मध्ये केली, पण त्या सभा भरल्याच नाहीत. पुण्याने २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक चालवलं आहे. रहिवासी आपल्या भागातलं पाच लाखांपर्यंतचं काम अर्जाने सुचवू शकतात. उतार, दिवा, बाक, क्रॉसिंग, झाडाभोवतीचं सिमेंट काढणं, हे सगळं त्यात बसतं. अर्ज करणाऱ्यांत सोसायट्या जास्त आणि वस्त्या कमी असतात, ही त्याची मोठी उणीव. वॉर्ड ऑफिसने वस्तीत जाऊन, तिथल्या बायकांशी संध्याकाळी बोलून अर्ज भरून घेतले पाहिजेत. या सहभागासाठी ठेवलेली रक्कम सगळ्या अंदाजपत्रकात फारच किरकोळ आहे. ती निदान दुप्पट करणं नव्या सभागृहाच्या पहिल्या वर्षाचं काम ठरू शकतं.

पुण्याने ११ डिसेंबर हा पादचारी दिन ठरवला आणि २०२१ पासून त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवला. एरवी जिथे जीव मुठीत धरून रस्ता ओलांडायचा, तिथे लोक मधोमध चालले, मुलं खेळली. असा दिवस प्रत्येक प्रभागाने महिन्यातून एकदा, आपल्या एका गल्लीत पाळावा. त्यासाठी वाहतूक पोलिसांची परवानगी, चार अडथळे आणि एक नगरसेवक पुरेसा आहे.

तुमच्या प्रभागात नवे नगरसेवक निवडून आले असतील. त्यांना एकदा घरापासून नाक्यापर्यंत चालत घेऊन जा, सोबत एखादे आजोबा आणि एखादी बाबागाडी असू द्या. कुठे उतरावं लागलं, कुठे अंधार आहे, कुठे झाकण नाही, हे रस्त्याच्या नावासह लिहून क्षेत्रीय कार्यालयात द्या, पोच घ्या, आणि पुढचं अंदाजपत्रक मांडलं जाईल तेव्हा त्यातलं कोणतं काम आलं ते विचारा.